बिडवे मॅडमची तपासणी

बिडवे मॅडमबरोबर पहिल्यांदा विमानानं जायचं होतं, तेव्हा त्यांनी मला बूट बदलायला घरात परत पाठवलं होतं. कंपनीची गाडी चिखलीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी होती. अब्बा गॅरेजचं शटर अर्धं वर करून बघत होते. आमच्या घरातलं पहिलंच माणूस विमानात बसणार होतं, आणि त्यासाठी मी नवे बूट घेतले होते. मॅडमनी गाडीच्या खिडकीतून माझ्या पायांकडं बघितलं.

"ह्याच्या तळात पत्र्याची पट्टी असते. काढायला लावतील. साध्या चपला घालून ये."

"चपला घालून विमानात जायचं, मॅडम?"

"विमानाला काय करायचंय तुझ्या पायाचं. जा, आणि ती क्लिपही काढ केसातली. रबर लाव."

मी परत आले तेव्हा अब्बा त्यांच्याशी बोलत होते. "मॅडम, पोरगी नवीन आहे, जरा बघा." त्यावर मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, विमानात काही होत नाही. होतं ते त्याच्या आधी होतं." मग त्यांनी काच वर घेतली आणि विमानतळ येईपर्यंत डोळे मिटून बसल्या.

आमची कंपनी चाकणच्या पट्ट्यात, कुरुळीला. गाड्यांचे सुटे भाग बरोबर मापाचे झालेत की नाही हे तपासणारी यंत्रं आम्ही बनवतो. ती देशभरच्या कारखान्यांत बसवलेली आहेत, आणि बंद पडली की आमचं माणूस जातं. बरीच वर्षं ते माणूस म्हणजे सुलोचना बिडवे. मूळच्या अहमदपूरच्या, लातूर जिल्ह्यातल्या. डिप्लोमा करून इकडं आल्या, तेव्हा सर्व्हिसच्या कामात बाई म्हणून त्या एकट्याच होत्या. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "जमलं नाही" एवढंच सांगायच्या, बस चुकली म्हणावं तशा आवाजात. चिखलीतच चौथ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. खाली लेथची वर्कशॉपं, दिवसभर कर्र आवाज. मी एकदा म्हणाले, "मॅडम, ह्या आवाजात झोप कशी लागते?" तर म्हणाल्या, "रविवारी बंद असतं, तेव्हाच लागत नाही."

विमानतळावरची तपासणी हा त्यांचा आवडता विषय होता. आवडता म्हणजे, त्यावर त्या न थकता चिडू शकायच्या. आठवड्यातून एकदा तरी जाणं-येणं, म्हणजे त्या रांगेत त्यांच्या आयुष्याचा केवढा तरी भाग गेलेला. सकाळच्या विमानाला आमच्याच पट्ट्यातली माणसं असायची. कंपनीचं नाव छापलेल्या काळ्या बॅगा, गळ्यात काढायचं राहून गेलेलं ओळखपत्र, एका हातानं पँट धरून दुसऱ्या हातानं पट्टा ट्रेमध्ये टाकणारे क्वालिटीवाले आणि पर्चेसवाले. मॅडम म्हणायच्या, "ही चाकणची पहिली शिफ्टच आहे. फक्त इथं पंचिंग अंगावर करतात."

त्यांचा मुख्य राग बायकांच्या रांगेवर. "पुरुषांना चार दारं, आपल्याला एक पडदा," असं त्या दर वेळी म्हणायच्या. पुरुष भराभर हात पसरून पुढं सरकायचे, आणि बायका त्या एका पडद्याच्या खोपटाबाहेर ताटकळत उभ्या. बॅगा मात्र पट्ट्यावरून केव्हाच पलीकडं गेलेल्या. "माझी पर्स तिकडं, मी इकडं. कुणी उचलली तर हे काय करणार? माझीच झडती घेणार."

त्यात त्यांच्याजवळ ती पेटी. यंत्र लावताना माप जुळवायला पोलादाचं एक कडं लागतं. त्याला आम्ही मास्टर म्हणतो. ते आतून मखमल लावलेल्या लाकडी पेटीत असतं. सामानात टाकलं आणि आपटलं तर त्याचा उपयोग संपला, म्हणून मॅडम ते कायम हातात घेऊन जायच्या. यंत्राच्या पडद्यावर ते गोल, काळंकुट्ट दिसायचं आणि पट्टा थांबायचा. मग "ये किसका है?" आणि मॅडमचं उत्तर आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही. दिल्ली असो की मद्रास, सुरुवात मराठीतच. तिन्ही भाषा संपल्या की त्या म्हणायच्या, "तपासा. सावकाश तपासा. लाइन तिकडं बंद पडलीय, माझं काय जातंय."

एकदा त्यांची शेंगदाण्याची चटणी अडवली. गावाकडून आलेली, उखळात कुटलेली. पूड नेता येणार नाही म्हणाले, समोरच्या टोपलीत टाका. मॅडम म्हणाल्या, "टाकणार नाही. खाते." आणि खरोखरच रांगेतून बाहेर पडून भिंतीकडच्या बाकावर बसल्या, डब्यातली भाकरी काढली आणि चटणी लावून खायला लागल्या. मलाही दिली. मी घड्याळाकडं बघत घास गिळत होते. उरलेली चटणी त्यांनी ट्रॉल्या ढकलणाऱ्या एका बाईला दिली, तिच्या डब्यात तिच्यासमोर घातली, आणि मगच परत रांगेत उभ्या राहिल्या. विमान मिळालं. पण आमच्या नावाचा पुकारा सगळ्या विमानतळानं ऐकला होता. बाहेर पडताना तिथं एक यंत्र असतं, हसरा चेहरा, रडका चेहरा, तपासणी कशी वाटली ते बटण दाबून सांगायचं. मॅडम न चुकता रडका चेहरा दाबायच्या. मी विचारलं, "ह्यानं काय होतं?"

"काही होत नाही. पण कुणी तरी विचारतंय ना, म्हणून सांगायचं."

आणखी एक सवय होती त्यांची. तपासणी झाली की त्या आमच्या सर्व्हिसच्या ग्रुपवर एक ओळ टाकायच्या. 'सिक्युरिटी झाली.' एवढंच. कुणी मागितलेलं नसायचं. विमान सुटलं की नाही, पोचल्या की नाही, हेसुद्धा नाही, फक्त हे. आमचे मॅनेजर कुलथे साहेब एकदा हसून म्हणाले होते, "मॅडम, आम्हाला माहितेय, तुम्हाला सोडतातच." मी मात्र त्या ओळीखाली अंगठा टाकायचे. त्यांच्या घरी फोन करून असं सांगण्यासारखं कुणी नव्हतं, हे मला उशिरा लक्षात आलं.

पडद्याआडच्या झडतीबद्दल त्या एकदाच वेगळं बोलल्या. आम्ही विमानाची वाट बघत बसलो होतो. आत एका बाईनं त्यांच्या खांद्यावरून, पाठीवरून, पोटऱ्यांवरून हात फिरवला होता, नेहमीसारखा. मॅडम हसत म्हणाल्या, "आठवडाभरात मला हात लावणारी हीच एक असती बघ." मी हसायचा प्रयत्न केला. मग त्यांनी पेपर उघडला.

पुढच्या उन्हाळ्यात मॅडम लांब रजेवर गेल्या. पोटाचं ऑपरेशन आहे म्हणून सांगितलं. गावाकडं भाऊ-भावजय आहेत, तिकडंच राहणार म्हणाल्या. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा "बरी आहे, कामाचं बोल" म्हणाल्या. परत आल्या तेव्हा वाळलेल्या होत्या, आणि केस अगदी बारीक कापलेले. ओढणी आता दोन्ही खांद्यांवर पिन लावून घेत. केसांबद्दल कुणी विचारलं तर "उन्हाळा आहे" म्हणाल्या.

कामाला लागल्यावर एकदा विमानानं गेल्या. त्यानंतर अचानक रेल्वेनं जायला लागल्या. जिथं सकाळी निघून दुपारी काम सुरू करायच्या, तिथं पोचायला आता दीड दिवस. विचारलं तर म्हणायच्या, कान दुखतात, डॉक्टरनं विमान नको म्हटलंय. गिऱ्हाईक खोळंबायला लागलं. कुलथे साहेब वैतागले. कँटीनमध्ये आमचा संदीप म्हणाला, "मॅडमला आता विमानाची भीती वाटायलीय राव. वय झालं." संदीप त्यांच्याच तालुक्याकडचा, त्यांनीच कामाला लावलेला, त्यामुळं त्यानं हे प्रेमानंच म्हटलं होतं. पण मॅडम पलीकडच्या टेबलावर होत्या. त्यांनी ताट उचललं आणि हात धुवायला गेल्या. ग्रुपवर ती ओळ यायची बंद झाली होती. दोन कारखान्यांचं काम काढून संदीपला दिलं गेलं, तरी त्या काही बोलल्या नाहीत.

असं साधारण दीड वर्ष चाललं. मग दक्षिणेतल्या एका कारखान्यात आमची दोन यंत्रं एकदम अडली. गाड्यांची लाइनच थांबायची वेळ आली. साहेबांनी मॅडमना, मला आणि संदीपला सकाळच्या विमानाची तिकिटं हातात दिली. "कानात कापूस घाला, मॅडम, पण उद्या तिथं पोचायला पाहिजे." मॅडम तिकिटाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "निलोफर आहे ना संगं? मग जाते."

पुण्याच्या विमानतळावर संदीप पुरुषांच्या रांगेतून कधीच पलीकडं गेला. मॅडम बायकांच्या रांगेत उभ्या होत्या आणि मागून येणाऱ्या प्रत्येकीला पुढं सोडत होत्या. "तुम्ही जावा. तुमच्याजवळ लेकरू आहे. तुम्ही जावा, तुम्हाला घाई दिसते." मला वाटलं, माझ्यासाठी थांबल्यात. माझं नाव वाचून कधी कधी बॅग दुसऱ्यांदा उघडतात, ते त्यांना माहीत होतं आणि त्यावरूनही त्या एकदा भांडल्या होत्या. मी म्हणाले, "मॅडम, माझी काळजी करू नका, मला सवय आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा घामानं भिजला होता. "तुझी नाही गं," त्या म्हणाल्या. "पडद्यापर्यंत ये माझ्याबरोबर. बाहेर उभी रहा. जाऊ नको."

मी पडद्याला लागून उभी राहिले. आत त्या चौथऱ्यावर चढल्याचा आवाज आला. आणि मग त्यांचा आवाज, पाठ केल्यासारखा, ह्या वेळी सरळ हिंदीत. "बहनजी, बाईं तरफ ऑपरेशन हुआ है. कैंसर का. अंदर जो है वो कपड़े का है. हाथ लगाके देख लो. निकालूँगी नहीं."

मग तपासणारी बाई म्हणाली, "ठीक है. हाथ थोड़ा ऊपर. हो गया. जाइए."

पडदा सरकला आणि मॅडम बाहेर आल्या. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. पण त्या संतापल्या होत्या. पलीकडं जाऊन खुर्चीवर बसल्या, चपलेचा पट्टा लावायचा होता तो त्यांच्याकडून लागेना. मी वाकले तर म्हणाल्या, "राहू दे." मग म्हणाल्या, "एवढंच होतं? दोन वाक्यं? एवढ्यासाठी मी रेल्वेनं हिंडले, लोकांचं ऐकून घेतलं?"

विमानाला वेळ होता. संदीप लांब चार्जिंगच्या खांबापाशी फोन लावून उभा होता. तिथं बसून मॅडमनी मला सांगितलं. पोटाचं ऑपरेशन नव्हतंच. डावा स्तन काढला होता. दवाखान्यातून त्या जागी घालायला रबरासारखं एक मिळालं होतं, ते घामानं चिकटायचं, उन्हाळ्यात तर नकोच वाटायचं. मग त्यांनी मलमलच्या कापडाची पिशवी स्वतः शिवली, कापूस भरला. ती फार हलकी झाली, खांदा एका बाजूला वर जायचा. म्हणून थोडी मोहरी घातली. घालून चालून बघायचं, काढायची, परत घालायची, असं करत वजन जमवलं.

"पहिल्यांदा गेले ना विमानानं, रजेनंतर," त्या म्हणाल्या, "तेव्हा येताना तिथल्या पोरीच्या हाताला ते लागलं. दाबून बघितलं तिनं. आत दाणे. ये क्या है म्हणाली. मी सांगितलं. तिला कळलं नाही की तिनं ऐकलंच नाही, माहीत नाही. दुसरीला बोलावलं. दोघींनी ठरवलं, मशीनमधून काढावं लागेल. मी काढून दिलं."

मी त्यांच्याकडं सरकून बसले.

"ट्रेमध्ये ठेवलं गं त्यांनी. माझ्या मोबाइलशेजारी. मी आत कुर्ता नीट करत होते, तेवढ्यात ते पट्ट्यावरून पुढं गेलं. बाहेर येऊन बघते तर पट्ट्याच्या टोकाला ट्रे येऊन थांबलेला, आणि एक माणूस आपला लॅपटॉप शोधत त्यात बघतोय. त्याला काय कळणार ते काय आहे. त्यानं ट्रे जरा बाजूला सरकवला. बस. तेवढंच झालं. मी तो उचलून बाथरूममध्ये गेले आणि विमानाचा पुकारा होईपर्यंत बाहेरच आले नाही."

"कुणाला सांगितलं नाही तुम्ही?"

"कुणाला सांगू?" त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. खरोखर नाव शोधत असल्यासारखं त्या समोर बघत होत्या.

कारखान्यातलं काम दुसऱ्या दिवशी दुपारी आटपलं. मॅडम बऱ्याच मोकळ्या वाटत होत्या. संदीपला यंत्राखाली घालून स्वतः स्टुलावर बसून सूचना देत होत्या, तो चुकला की गावाकडच्या बोलीत झापत होत्या. "काय करायलास तू? नट आवळायलास की ऊस पिळायलास?" संध्याकाळच्या विमानासाठी आम्ही तिथल्या विमानतळावर पोचलो तेव्हा मॅडम स्वतःहून रांगेत माझ्या पुढं उभ्या राहिल्या.

तिथली पोरगी नवीन असावी. मॅडमनी आत जाऊन तीच वाक्यं म्हटली. मग मला तिचा आवाज ऐकू आला. "निकालिए. ट्रे में रखना पड़ेगा."

"नहीं निकालूँगी. हाथ से देखो. मशीन लगाओ. डॉक्टर का कागज देखो."

"रूल है, मैडम."

"मग रूल बोलाव इकडं," मॅडम म्हणाल्या. ती पोरगी वरिष्ठ बाईंना बोलवायला बाहेर पडली आणि पडदा अर्धा उघडा राहिला. मॅडम चौथऱ्यावर तशाच उभ्या. रांग आता बरीच लांबली होती. मागच्या एक-दोघी कुरकुरायला लागल्या. एक जण म्हणाली, "आंटी, हमारी फ्लाइट निकल जाएगी, जो कहते हैं कर दीजिए ना." पुरुषांकडचेही माना वळवून बघत होते. संदीप पलीकडं कमरेला पट्टा घालत होता, तो थांबला.

मॅडम पडदा बाजूला करून बाहेर आल्या. आवाज चढवला नाही. पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, आणि नेहमीच्या सवयीनं आधी मराठीत.

"माझा एका बाजूचा स्तन काढलाय. कॅन्सर होता. इथं मी शिवलेली पिशवी आहे, मोहरी भरलेली. ती ट्रेमध्ये ठेवा म्हणतात. एकदा ठेवली होती. आता ठेवणार नाही. विमान जाऊ दे."

त्या सगळ्या गर्दीत मराठी कळणारी माणसं दोनच होती. मी, आणि पट्ट्यापलीकडं उभा असलेला संदीप. दीड वर्ष ज्या माणसांपासून त्यांनी हे लपवलं होतं, त्यातल्या एकालाच ते नेमकं कळलं. संदीपनं मान खाली घातली. त्याच्या पट्ट्याचं बक्कल त्याच्या हातातच राहिलं. मग मॅडमनी तेच हिंदीत सांगितलं. इंग्रजीत सांगायची गरज पडली नाही. जी बाई घाई करत होती ती म्हणाली, "सॉरी आंटी." मॅडमनी तिच्याकडं बघितलंही नाही.

वरिष्ठ बाई वयानं मोठ्या होत्या. त्यांनी मॅडमना शेजारच्या खोलीत नेलं, मला बरोबर येऊ दिलं. दार लावलं, स्वतः हातानं तपासलं, कुठंच काही काढायला लावलं नाही. बाहेर आल्यावर त्या पोरीला हळू आवाजात काही तरी सुनावलं. जाताना मॅडमना म्हणाल्या, "माफ कीजिए, माताजी."

"माताजी," मॅडम नंतर माझ्याशी पुटपुटल्या. "चार वर्षांनी लहान असेल माझ्यापेक्षा."

विमान गेलंच होतं. पुढच्याची वाट बघत आम्ही दोघी काचेजवळ बसलो. संदीप कितीतरी वेळ दिसला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात चहाचे तीन कप होते. एक मॅडमच्या हातात देत म्हणाला, "साखर कमी सांगितलीय." आणि मग मास्टरची पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसला. मॅडम म्हणाल्या, "पेटी इकडं आण." तो म्हणाला, "असू द्या, मॅडम." त्यांनी दोनदा मागितली. त्यानं दिली नाही. तेव्हा मला ते चांगुलपणाचं वाटलं. आणि होतंही.

पण पुढं सगळं तसंच होत गेलं. संदीपनं साहेबांना सांगितलं. चुगली म्हणून नाही, मॅडमचे हाल होऊ नयेत म्हणून. कुलथे साहेबांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. साहेब फार चांगले वागले. म्हणाले, आधी सांगायचं होतंत, आम्ही काय परके आहोत का. आता प्रवास बंद, तुम्ही इथं बसून पोरांना फोनवर मार्गदर्शन करा. मी दारात फाइल घेऊन उभी होते.

मॅडम म्हणाल्या, "मी असं मागितलं नाही, साहेब. मी जाऊ शकते. आता तर अडचणच राहिली नाही. मी सांगायला शिकले."

"नाही नाही, मॅडम. तुम्ही आराम करायचा."

त्यांना एसीखालचं टेबल दिलं. ऑफिसातल्या बायका घरून डाळिंबं, खजूर आणायला लागल्या. कुणी जोरात हसत असेल आणि मॅडम आल्या की हसणं कमी व्हायचं. संदीप पेटी घेऊन फिरतीवर जायचा, तिथून फोन करायचा. मॅडम सांगायच्या, मग फोन ठेवून टेबलावर हात ठेवून बसून राहायच्या. एकदा मी निघाले होते, गाडी फाटकाशी उभी होती. मॅडम खाली आल्या, माझी बॅग हातात घेऊन वजन बघितलं, चार्जर वरच्या कप्प्यात ठेवायला लावला. म्हणाल्या, "कोणत्या रांगेत उभी राहशील?"

"कमी असेल त्या."

"बायकांना एकच असती, विसरलीस का," त्या म्हणाल्या, आणि गाडी वळेपर्यंत तिथंच उभ्या होत्या. इतकी वर्षं त्या जागेला नावं ठेवणारी ही बाई तिथं जायला आसुसली होती. हे मी कुणाला सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

"माझ्याशी सगळे हळू बोलायलेत, निलू," त्या एकदा बसमध्ये म्हणाल्या. "कुणी भांडतच नाही." निवृत्तीला वेळ होता, तरी त्यांनी राजीनामा दिला. साहेबांनी दोनदा थांबवायचा प्रयत्न केला, तोही हळू आवाजात.

सामान न्यायला अब्बांनी टेम्पो काढला. भाड्याचं नावही काढू दिलं नाही. रविवार होता, म्हणून मीही गेले. टेंभुर्णीच्या पुढं आम्ही एका हॉटेलात जेवलो. अब्बा आणि मॅडम टेम्पोच्या क्लचवरून बराच वेळ बोलत होते, आणि किती तरी दिवसांनी त्या कुणाशी वाद घालताना मला दिसल्या. अब्बांचं ऐकून घेत नव्हत्या. अब्बाही हट्टाला पेटले होते. मी मध्ये पडले नाही.

अहमदपूरला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मला वाटलं होतं, भाऊ-भावजय दारात असतील. घराला कुलूप होतं. भाऊ नांदेडला मुलाकडं राहायला गेला होता, वर्ष झालं असेल. मॅडम हे आम्हाला बोलल्या नव्हत्या. त्यांनी पर्समधून किल्ली काढली, शेजारणीला हाक मारून झाडू मागितला. आम्ही सामान उतरवलं. कपाट, गॅस, दोन गाद्या, भांड्यांची पोती. शेजारणीनं चहा दिला. अब्बा म्हणाले, "मॅडम, निलूला राहू देऊ का आज? उद्या बसनं येईल."

"तिला कंपनी आहे," मॅडम म्हणाल्या. "निघा तुम्ही आता, उजेडात लातूर गाठा." माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि आत गेल्या.

आम्ही गल्लीच्या टोकाला गेलो तेव्हा अब्बांना आठवलं, कपाट बांधलेला दोर ओसरीवरच राहिला. मी उतरून चालत परत गेले. दार उघडंच होतं. हाक मारणार, तेवढ्यात मला त्या दिसल्या.

मधल्या खोलीत न सोडलेल्या गादीच्या वळकटीवर बसल्या होत्या. ओढणी काढून खुंटीला लावलेली. ती कापडी पिशवीही काढलेली, शेजारी भांड्यांच्या पोत्यावर ठेवलेली. अंगात नुसता घरचा ढगळ सुती झगा, एका बाजूनं सपाट. पाय लांब सोडले होते. कुठलासा जुना पेपर घेऊन त्या स्वतःला वारा घालत होत्या, आणि दुसऱ्या हातानं डाव्या बाजूला, जिथं काही नव्हतं तिथं, सावकाश चोळत होत्या, दिवसभर रुतलेला पट्टा सोडल्यावर माणूस चोळतं तसं. डोळे मिटलेले. घरात दुसरं कुणी नव्हतं, येणारही नव्हतं.

मी हाक मारली नाही. ओसरीवरचा दोर उचलला, आवाज होऊ न देता गुंडाळला आणि टेम्पोकडं चालू लागले.